तंबोऱ्याची राख आणि खैरनार सर

खैरनार सर रोज संध्याकाळी सूर्याला अंगठा दाखवत. मी मराठीचा प्राध्यापक असलो तरी हे अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. कॉलेजच्या गच्चीवर, सूर्य त्र्यंबककडच्या डोंगरांना टेकायच्या आधी ते उजवा हात सरळ पुढे करत, एक डोळा मिटत, अंगठ्याने सूर्य नेमका झाकत आणि अंगठ्याच्या कडेने दिसणारं आकाश बारकाईने बघत. मग हात खाली घेऊन, "काही नाही" असं स्वतःशीच म्हणत जिना उतरत.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. हा त्राटकाचा काहीतरी जहाल प्रकार असणार, असं समजून एके दिवशी मीही शेजारी उभा राहिलो आणि अंगठा वर केला. नको तो डोळा मिटल्यामुळे माझा अंगठा एकीकडे आणि सूर्य दुसरीकडे राहिला. पुढचा कितीतरी वेळ मला जो तो हिरव्या ठिपक्यासारखा दिसत होता. त्यातल्या एका ठिपक्याला मी प्राचार्य समजून वाकून नमस्कार केला, तो कॅन्टीनमधला पोऱ्या निघाला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून घेतलं आणि खुर्ची दिली. भूगोल विभागात खुर्ची मिळणं हा मान होता, कारण बाकीच्या खुर्च्यांवर दगड बसलेले असत. ते म्हणाले, "कविराज, कुठं मोठा ज्वालामुखी फुटला की गंधकाचा धूर पार वर जातो. ढगांच्याही वर. तिथं पाऊस नाही, त्यामुळं तो धुऊन निघत नाही. वर्ष-दोन वर्षं पातळ पडद्यासारखा जगभर फिरतो आणि ऊन अडवतो. तेव्हा सूर्याभोवती तपकिरी कडं दिसतं. मी ते बघतो."

कधी दिसलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. मग रोज कशाला बघता, यावर त्यांचं उत्तर होतं, "नाही हेसुद्धा बघूनच ठरवावं लागतं."

मी कविता करत नव्हतो, पण त्या दिवसापासून कविराज झालो तो कायमचा.

सर देवळ्याकडचे. उंच, किंचित वाकलेले, खिशाला दोन पेनं आणि एक भिंग. वर्गात ते शुद्ध प्रमाण मराठी बोलत. मनातून हलले की मात्र घरची अहिराणी वर येई. सरांचं डोकं किती तापलंय, हे कुठली भाषा चालू आहे त्यावरून आम्हाला कळे. त्यांच्या सगळ्या आयुष्याला एका डोंगराने पछाडलं होतं आणि तो डोंगर होता पार इंडोनेशियात, सुंबावा नावाच्या बेटावर. त्याचं नाव तंबोरा. नाव ऐकून मी सुरुवातीला सरांना संगीत सभेची निमंत्रणं देत असे. तीन-चार मैफली त्यांनी सोसल्या आणि मग एकदा नकाशा उलगडून माझ्यासमोर ठेवला.

अठराशे पंधरा साली तो डोंगर फुटला, असा फुटला की त्याचं डोकंच उडालं. जवळपासची गावं राखेखाली गेली. पण सरांना खरी ओढ होती पुढच्या वर्षाची. त्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. अमेरिकेत ऐन जूनमध्ये बर्फ पडलं आणि उभी पिकं गेली. कुठल्या बेटावरचा डोंगर, ज्याचं नावही त्या शेतकऱ्यांनी कधी ऐकलं नव्हतं! आपल्याकडेही पावसाचं चक्र बिघडलं. सर सांगत, "बिचारे आकाशाकडं बघून आपापल्या देवाला दोष देत बसले. गुन्हेगार दुसऱ्याच गोलार्धात, समुद्रात पाय सोडून बसलेला."

सरांच्या दिवाणखान्यात देवांच्या तसबिरीशेजारी सुरगाण्याकडच्या जुन्या सागाची एक चकती टांगलेली होती. झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं वाढतं. पाऊस चांगला तर कडं रुंद, पाऊस हटला तर अरुंद. त्या चकतीत आतल्या बाजूला एक कडं केसासारखं बारीक होतं. आलेल्या पाहुण्याला सर भिंगातून ते दाखवत. पाहुणा म्हणे, म्हणजे हा तुमचा तंबोरा. त्यावर सर भिंग काढून घेत. "हे कडं बारीक आहे, एवढंच झाडानं सांगितलं. का बारीक, हे झाडानं सांगितलेलं नाही. आपण त्याच्या तोंडी घालू नये." पाहुण्याचा हिरमोड होई. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा ठेवता ठेवता म्हणत, "एवढी वर्षं टांगून ठेवलंय, पण हो म्हणून काही सांगत नाहीत."

दुसरं दैवत होतं हवेचा दाब नोंदवणारं यंत्र. मनमाडच्या एका भंगारवाल्याकडून सरांनी ते आणलं आणि स्वतः दुरुस्त केलं. सावकाश फिरणाऱ्या एका लहान पिंपावर कागद गुंडाळलेला, त्यावर शाईची सुई टेकलेली. दाब वाढला की रेघ वर, घटला की खाली. या यंत्राशी माझं काही सख्य नव्हतं. एकदा मी त्या टेबलावर कोपर टेकून शिंकलो आणि सुईने अशी उडी मारली, की आतून आलेले सर ती रेघ बघून भूकंप समजले आणि काकूंना घेऊन बाहेर अंगणात गेले. तेव्हापासून मला त्या टेबलापासून दोन हात लांब बसवत.

आम्ही दोघेही निवृत्त झालो, तरी संध्याकाळी मी सरांकडे जातच राहिलो. टोंगा बेटांजवळचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला, तो दिवस होता संक्रांतीनंतरचा, किंक्रांतीचा. किंक्रांतीला नवं काही करू नये, कुठं जाऊ नये, असं बायकोने बजावलं होतं. मी तिळगुळाचा डबा घेऊन सरांकडे गेलोच. दार उघडं होतं. सर त्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसले होते आणि काकू भिंतीला टेकून उभ्या.

सरांनी मला खुणेनेच लांब बसवलं. स्फोट सकाळीच झाला होता, बातम्यांत समुद्रातून उठलेला तो अजस्र छत्रीसारखा ढग दाखवत होते. त्या धडाक्याने हवेत उठलेली लाट जगभर पसरत निघाली होती, आणि ती नाशकात साधारण केव्हा पोचेल याचा सरांनी हिशेब मांडला होता. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. काकूंनी माझ्या हातात लाडू ठेवला, तो खायची हिंमत होईना.

आणि सुई हलली. रेघेला एक लहानशी गाठ पडली, जेमतेम तिळाएवढी. सर ताडकन उठले आणि माझ्याकडे वळले. "टेबलाला धक्का तू दिला?"

आयुष्यभर कशाला ना कशाला धक्के देत आलेला माणूस मी. "दिला असेल सर," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा पडला, की मला आजही तो आठवतो. एवढी वर्षं वाट बघितलेली गोष्ट दाराशी आली आणि शेजारचा गाढव तिच्या वाटेत पाय घालून बसला! शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, त्यांचे दोन्ही हात लाडवात गुंतलेत. टेबल कुठं, ते कुठं."

सर खाली बसले. ती गाठ भिंगातून पुन्हा पुन्हा बघितली आणि हळू आवाजात म्हणाले, "तिकडची हवा इथवर आली." मी विचारलं, म्हणजे आता तंबोऱ्यासारखं होणार का? ते म्हणाले, "आवाजावर जाऊ नको. पोटातून गंधक किती निघालं ते कळू दे. समुद्राचं पाणी आत शिरलं, तरी एवढा आवाज होतो."

हे वाक्य मी नीट ऐकलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी घरी आलो तो भारलेला. माझा मेव्हणा बाळासाहेब दिंडोरीकडे द्राक्षबागाईतदार. त्यांच्या भागातल्या बागाईतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीही होतो, कारण त्यांच्या मेळाव्यांच्या निमंत्रणांचा मजकूर मी लिहून देत असे. त्या ग्रुपवर मी लिहिलं, की तंबोऱ्यानंतर पृथ्वीवर उन्हाळा उगवला नव्हता. आज खैरनार सरांच्या घरी त्याच प्रलयाचा हुंकार उमटला आहे. सूर्य झाकोळेल काय? शेवटचं प्रश्नचिन्ह मी मुद्दाम घातलं होतं, लालित्य म्हणून.

सकाळपर्यंत ते प्रश्नचिन्ह वाटेत कुठंतरी गळून पडलं. दुपारी मला दुसऱ्याच ग्रुपवरून निरोप आला: नाशिकच्या खैरनार सरांनी यंत्रावर बघून सांगितलंय, यंदा सूर्य झाकणार, कडाक्याची थंडी पडून माल तडकणार, लवकर काढून मोकळे व्हा.

ज्यांना द्राक्षाचं माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. तो काळ मोठा नाजूक. मणी फुगलेले असतात, पण गोडी अजून उतरायची असते. आता काढला तर माल आंबट, रस काढणाऱ्यांच्या पदरात मातीमोल जायचा. ठेवला आणि कडाक्याची थंडी आली, तर मणी तडकतात आणि घडच्या घड नासतात. वर्षाची मेहनत त्या काही दिवसांवर टांगलेली असते आणि घरातली माणसं एकमेकांशी जपून बोलतात. अशा घरांत मी माझं लालित्य पाठवलं होतं.

तो निरोप मी सरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काय करी ऱ्हायना तू, कविराज?" अहिराणी आली होती. मी काय ते समजलो.

सर स्वतः ग्रुपवर काही लिहिणार नव्हते. गंधकाचा आकडा हाती आल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पुण्याला हवामानाच्या कामात असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला ते रोज फोन करत. इकडे उत्तरेकडून थंडीची लाट येणार, अशा बातम्या सुरू झाल्या. ती दरवर्षीची, ज्वालामुखीशी संबंध नसलेली. पण आता कोण ऐकतो? एक दिवस सकाळी बाळासाहेबाच्या बायकोचा फोन आला, की व्यापाऱ्याची गाडी बागेत उभी आहे, बाया कात्र्या घेऊन आल्यात आणि हे कोणाचं ऐकत नाहीत. नेमका त्याच सकाळी पुण्याचा फोन आला होता. उपग्रहांनी मोजलं होतं: पाणी अफाट वर गेलं, गंधक मात्र तंबोऱ्याच्या मानाने अगदीच थोडं.

"चल," सर म्हणाले. मी स्कूटर काढली. ती एरवीही कुरकुरत चालू व्हायची. त्या दिवशी मी किक मारून मारून घामाघूम झाल्यावर सरांनी शांतपणे पेट्रोलची चावी फिरवून दाखवली.

आम्ही पोचलो तेव्हा पहिल्या ओळीत क्रेट मांडलेले होते. बाळासाहेब उघड्या डोक्याने उभा होता. मला बघितल्यावर त्याने तोंड फिरवलं आणि सरांना नमस्कार केला. सरांनी त्याला गंधकाचं समजावून सांगितलं, साध्या शब्दांत, घाई न करता. तो डोंगर आपल्यापुरता मोठा आवाज करून गेला आहे, त्याने सूर्य झाकणार नाही, त्याच्या भीतीने माल काढू नकोस. व्यापारी गाडीला टेकून ऐकत होता. बाया कात्र्या हातात धरून बघत होत्या.

बाळासाहेब म्हणाला, "ते समजलं सर. पन थंडीची लाट येऊ राह्यली म्हणत्यात. मला एकच सांगा. माल वाचल का?"

मी सरांच्या कानाशी जाऊन कुजबुजलो, की हो म्हणा. त्याला तेवढाच धीर हवा होता. मलाही हवा होता. मेव्हण्याची बाग माझ्यामुळे कच्ची कापली गेली असती, तर घरी मला मरेपर्यंत द्राक्षाचं नाव काढता आलं नसतं. सर बाळासाहेबाकडे बघत म्हणाले, "माले ठाऊक नही."

बाळासाहेब भडकला. "मंग आले कशाला सर एवढ्या लांब?"

"माझ्या नावावर जे खोटं पसरलं, ते परत घ्यायला. त्याच्या जागी दुसरं खोटं ठेवायला नाही." आणि पुढे म्हणाले, "डोंगराचं मला माहीत आहे, ते सांगितलं. थंडीचं माहीत नाही. येईल असं धरून चाल."

व्यापाऱ्याने घाई केली. गाडी थांबणार नाही, परत येणारही नाही, असं त्याने ऐकवलं. बाळासाहेब ओळीच्या टोकापर्यंत गेला, परत आला. एक घड हातात घेऊन त्याने एक मणी तोंडात टाकला. आंबटाने त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्याने घड खाली ठेवला आणि बायांना क्रेट उचलायला सांगितलं, रिकामेच. व्यापारी जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, आता बर्फाच्या पेट्या मागवा."

थंडी आली. नुसती आली नाही, निफाडचा पारा पार तळाला गेल्याच्या बातम्या पेपरात पहिल्या पानावर आल्या. बाळासाहेबाने आधीच पाचट, ओला भुसा, जुने टायर, मिळेल ते बांधावर आणून टाकलं होतं. पहाटेच्या आधी सगळ्या बागेत शेकोट्या धुमसत, ठिबकमधून पाणी सुटे, आणि तो घोंगडी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असे. सर त्या दिवसांत गावातच राहिले, बाळासाहेबाच्या ओसरीवर. थर्मामीटर घेऊन ओळींतून हिंडत आणि कुठल्या कोपऱ्यात गारवा साठतोय ते त्याला सांगत. दोघांत फारसं बोलणं नव्हतं. गावातली माणसं जाता येता म्हणत, की सर, तुमचा ज्वालामुखी आला की हो. सर मान हलवत आणि पुढे जात.

मलाही एका शेकोटीची जबाबदारी मिळाली. शेकोटीतून धूर हवा असतो, जाळ नव्हे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. निदान मी ऐकलं नव्हतं. मी कोरडं पाचट घालून अशी झकास होळी पेटवली, की शेजारच्या दोन वेली करपल्या. बाळासाहेबाने धावत येऊन ओला भुसा टाकला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलला: "दाजी, थंडी परवडली."

लाट ओसरली त्या सकाळी ऊन बागेत शिरलं, तेव्हा आम्ही तिघे ओळीओळीने बघत गेलो. वरच्या अंगाचा माल टिकला होता. ओढ्याकडच्या खालच्या अंगाला थंडी साचून राहिली होती आणि तिथले मणी तडकले होते. हात लावला की रस ओघळत होता. सर तिथंच उभे राहिले.

"खालच्या अंगाचं गेलं," ते म्हणाले.

"गेलं," बाळासाहेब म्हणाला आणि तडकलेले घड कापायला बसला. सरही शेजारी बसले आणि कापू लागले. मला कात्री दिली नाही, ते योग्यच होतं.

वरच्या अंगाच्या द्राक्षांत पुढे चांगली गोडी उतरली. त्याची एक पेटी सरांच्या घरी आली, पण बाळासाहेब स्वतः आला नाही. सरांनीही कधी विषय काढला नाही. तो आपल्यावर रागावला असेल आणि तो त्याचा हक्क आहे, असं एकदाच म्हणाले.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, सर गेले. दुपारी जेवून पडले होते, उठलेच नाहीत. ऑक्टोबर म्हणजे बागांच्या छाटणीचा महिना. त्या दिवसांत बागाईतदार स्वतःच्या घरचं लग्नसुद्धा ठेवत नाहीत. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांतून कोंब एकसारखे फुटावेत म्हणून हाताने लावायची औषधी पेस्ट वेळेत लागली नाही, तर पुढचं सगळं वर्ष मागे पडतं. त्यामुळे मी बाळासाहेबाला फक्त निरोप दिला होता, ये म्हटलं नव्हतं.

तो आला. गोदावरीकाठी, अमरधामात, गर्दीच्या मागे उभा होता. हातांना कोपरापर्यंत पेस्टचा लाल रंग तसाच होता, धुवायलाही थांबला नव्हता. सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ आला. सर तुझ्यावर कधी रागावले नव्हते, असं काहीतरी मी बोलायला लागलो. तो मला थांबवत म्हणाला,

"दाजी, त्या दिवशी मला सरांचा लय राग आला व्हता. पन ते 'वाचल माल, जा' म्हनले असते ना, तर मी बिनघोर झोपलो असतो. सगळी बाग गेली असती. त्यांनी सांगितलं नाय, म्हनून जागा राह्यलो."

हे सरांना का नाही सांगितलंस, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आयुष्यात एकदा तरी गप्प राहिलो.

मग तो काकूंच्या पाया पडला आणि निघाला. बागेत माणसं थांबली होती, ऊन चढत होतं आणि अर्ध्या बागेला अजून पेस्ट लागायची होती.